दोन काठ्यांचं अक्षर

"ह्याला दोन काठ्या का रं?"

कस्तुराक्कानं स्क्रीनवर बोट टेकवलं होतं. विड्या वळून वळून त्या बोटाचं टोक तांबूस पडलं होतं आणि नख घासून चपटं झालं होतं. बोट ज्या अक्षरावर होतं ते अक्षर मराठीत नाहीच. आधी द, त्याला काना, त्या कान्याला खेटून आणखी एक काना आणि त्या दुसऱ्याच्या डोक्यावर मात्रा. पुढं 'पून असतो'. सगळं मिळून 'दाोपून असतो'.

"टायपिंगची चूक आहे," मी म्हणालो. "दबून असतो, असं असेल. घाबरट असेल बिचारा."

"मग दोन काठ्या कशाला?"

"मावशी, तुम्हाला वाचता येतं का?"

"आकडं येत्यात. अक्षरं न्हाई."

"मग काठ्या मोजत बसू नका. मी वाचतो, तुम्ही ऐका."

असा होतो मी तेव्हा. वय सव्वीस, गणितात बी.एस्सी., सोलापुरात स्वतःचा पाच मशीनचा सायबर कॅफे. आमच्या भागात वेबसाइट बनवणारे दोघंच होते आणि त्यातल्या दुसऱ्याला ती बनवता येत नव्हती, असं मी चारचौघांत सांगायचो. नाव श्रीशैल. डोक्यात हवा भरपूर.

ती २००३ सालच्या मार्चमधली सोमवारची सकाळ होती, साडेअकराचा सुमार. कस्तुराक्का घरी वळलेल्या विड्या कारखान्यात मोजून टाकून परत जाताना कॅफेत शिरली होती. कुठल्याशा हवालदारानं तिला सांगितलं होतं, की सापडलेल्या माणसांची यादी आता कॉम्प्युटरवर असते. तिचा धाकटा भाऊ आमसिद्ध आठ महिन्यांपासून बेपत्ता होता. वयानं चाळिशीचा, पण डोक्यानं हलका, सात-आठ वर्षांच्या पोरासारखा. आईबाप गेल्यावर मंगळवेढ्याकडच्या गावातून तिनंच त्याला सोलापुरात आणून सांभाळलं होतं. खूण म्हणजे उजव्या कानाची पाळी तुटलेली. लहानपणी बोकडानं बाळीसकट ओढली होती.

"दर सोमवारी त्याला दारात बसवून जायची म्या," ती म्हणाली. "हितंच बस, आक्का विड्या टाकून येती, म्हनायची. त्या दिवशी कारखान्यानं माल परत केला, उशीर झाला. आली तर दार मोकळं. पायरी हात लावून बगितली तर अजून ऊन हुती."

नगरजवळच्या एका संस्थेत अशी रस्त्यावर सापडलेली माणसं ठेवत. त्यांची यादी इंटरनेटवर होती, मराठीत. त्या काळी इंटरनेटवर मराठी दिसणं हीच चैन होती. आणि गंमत म्हणजे ते पान मीच बनवलेलं होतं, फुकट. यादी उघडून झोकात सांगणारच होतो, की मावशी, ही माझीच करामत. तेवढ्यात तिनं त्या दोन काठ्यांवर बोट ठेवलं. मग मी नाही सांगितलं.

मी शेवटपर्यंत वाचत गेलो. आमसिद्ध नव्हता. तुटलेल्या पाळीचा कोणी नव्हता.

"नाही मावशी. नाव नाही."

ती उठली नाही. तिनं आकडे पाहिले होते.

"एकेचाळीसच्या फुडं अठ्ठेचाळीस कसं?"

"मधली माणसं घरी गेली. माणूस घरी गेला की नाव काढून टाकतात. हे बघा, सतरा नाही, तेवीस नाही."

सतरा आणि तेवीसबद्दल ते खरंच होतं, संस्थेनं फोन केल्यावर मीच काढले होते. बेचाळीस ते सत्तेचाळीसबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण बोलता बोलता मलाच ते पटलं.

कस्तुराक्कानं तळहात काचेवर ठेवला. आधी वर, मग खाली, मग त्या दोन काठ्यांपाशी. तिथं तो थांबला.

"घरी गेल्याली न्हाईत. हितं ऊन लागतंय."

"मॉनिटर आहे. गरम होणारच."

"समदीकडं न्हाई. हितंच. मानूस बसून उटल्याव जागा ऊन असती न्हवं, तसं." ती जरा थांबली. "उटलं बी न्हाईत. बसल्यात."

शेजारच्या मशीनवर रेल्वेचं तिकीट बघणारं गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो.

त्यानंतर ती दर सोमवारी येऊ लागली. साडेअकराला दारात चपला काढायची, कितीही सांगितलं तरी घालून आत यायची नाही. मी पान उघडायचो, नवी नावं आली असतील तर वाचून दाखवायचो आणि 'नाही' म्हणायचो. पैसे घ्यायचो नाही, एवढाच काय तो माझा चांगुलपणा. मावशीची हळूहळू आक्का झाली. माझं वाचून झालं की ती आपला तळहात त्या जागी ठेवायची आणि पाच-दहा मिनिटं तशीच बसायची. कुणा आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसं. गिऱ्हाइकं मला डोळ्यानं खुणावायची, हिचं काय? मी कपाळाशी बोट फिरवून दाखवायचो.

एप्रिलमध्ये एकदा तिनं पिशवीतून विड्या काढल्या आणि की-बोर्डच्या पुढं ओळीनं मांडल्या. सहा.

"हे काय आता?"

"मदली मानसं. बेचाळीस, तिरेचाळीस..." ती बोट टेकवत सत्तेचाळीसपर्यंत गेली. मग परत आली आणि तिसरी विडी तिनं जराशी तिरकी केली. "हा आमसिद्ध."

"कशावरून?"

"तो असा बसतो. उजव्या अंगावर कलून."

मला हसू आलं नाही. का ते तेव्हा कळलं नाही. टेबलावरच्या पाच विड्या सरळ होत्या, सहज ठेवलेल्या. आणि ती तिसरी खरोखरच कुणीतरी कलून बसल्यासारखी दिसत होती. मी टेबल पुसायच्या निमित्तानं त्या गोळा करून तिच्या हातात दिल्या.

मे महिन्यात लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं आणि सोमवारी नेमकी अकरा ते एक वीज जायला लागली. पहिल्याच सोमवारी ती आली तेव्हा मशीनं बंद पडून अर्धा तास होऊन गेला होता. "आक्का, लाइट नाही, पुढच्या सोमवारी या," म्हटलं, तर ती येऊन नेहमीच्या खुर्चीवर बसली आणि काळ्या काचेवर तिनं हात ठेवला. बरोब्बर तिथंच. पान नाही, आकडे नाहीत, काही नाही. तरी जागा चुकली नाही.

"हाय," ती म्हणाली. "ऊन हाय."

मला राग आला. हा काय पोरखेळ? तिला एकदाचं दाखवून द्यावं म्हणून मी काचेच्या कोपऱ्यावर हात ठेवला. काच गार होती. वर गार, खाली गार. मी हात सरकवत तिच्या हातापर्यंत नेला. चार बोटं अंतर राहिलं असेल. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि आपला हात उचलून मला जागा करून दिली.

"ठेव की. बग."

मी हात मागं घेतला. "जनरेटरचं बघून येतो," म्हणालो. आमच्याकडं जनरेटर नव्हताच.

आता खरं सांगायचं तर त्या पानाच्या पोटात काय आहे हे बघायला मला दोन क्लिक लागली असती. पान उघडायचं, त्याचा मूळ मजकूर उघडायचा, एकेचाळीसच्या पुढं काय लिहिलंय ते बघायचं. पाच महिन्यांत मी ते केलं नाही. विसरलो नव्हतो. त्या सात ओळी मी कशा चढवल्या होत्या ते मला पक्कं आठवत होतं. रीतसर करायचं तर मजकूर आधी एका प्रोग्रॅममधून काढावा लागे, अर्धा तास जाई. त्या दिवशी भारत-पाकिस्तान मॅच होती. संस्थेचा मजकूर आला, तो मी उचलून तसाच पानावर चिकटवला आणि टीव्हीपुढं जाऊन बसलो. त्या दोन काठ्या तिथनंच आल्या, हे मला आतून ठाऊक होतं. उघडून बघितलं असतं तर चूक माझी निघाली असती. म्हणून कानाडोळा केला. एका अक्षराचा तर प्रश्न आहे, मी मनाशी म्हणायचो.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी ती आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मी यादी वाचली. तिनं हात ठेवला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग ती हात जरा दाबून बघू लागली, पालथा करून बघू लागली, ताप बघतात तसा.

"काय झालं आक्का?"

तिनं पिशवीतून सहा विड्या काढल्या, मांडल्या. तिसरी तिरकी केली. ती हळूच लवंडली आणि सरळ झाली. पंखा चालू होता, त्यानंही झालं असेल. तिनं पुन्हा तिरकी केली नाही.

"गार पडलं," ती म्हणाली.

तिसरी विडी तिनं पदराच्या टोकाला बांधली, बाकीच्या पिशवीत टाकल्या आणि चपला घालून निघाली. माझ्याकडं वळून बघितलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजले होते. ते लक्षात राहिलं, कारण चला, सुटलो, असं मनात आलं तेव्हा माझी नजर घड्याळावर होती.

बुधवारी दुपारी हत्तुरे सर आले. शाळेत मला गणित शिकवलेले, आता निवृत्त. नववीच्या पोरांसाठी त्यांनी असमानतेवरची प्रश्नपत्रिका केली होती आणि ती त्यांना इंटरनेटवर टाकायची होती. मी त्यांना मशीन लावून दिलं, मजकूर कुठं लिहायचा ते दाखवलं. थोड्या वेळानं त्यांची हाक आली.

"श्रीशैल, अरे माझे प्रश्न कुठं गेले?"

पानावर पहिल्या प्रश्नातलं 'जर ए' एवढंच उरलं होतं. बाकी सगळं कोरं.

मला हसू फुटलं. सरांची चूक काढायला मिळणं म्हणजे दिवाळीच. "सर, 'पेक्षा लहान'चं चिन्ह तुम्ही तसंच लिहिलंत. आणि पुढचं अक्षर त्याला खेटून. इथं तसं चालत नाही. ब्राउझरला वाटतं, ही आपल्यासाठीची सूचना सुरू झाली. मग पुढचं सगळं तो स्वतःपाशी ठेवतो, वाचणाऱ्याला दाखवत नाही. ते चिन्ह दिसायला हवं असेल तर वेगळ्या खुणेनं लिहावं लागतं. अँपरसँड, एल, टी, आणि अर्धविराम."

"म्हणजे गिळतो."

"गिळतो म्हणा."

सर खूश झाले. "तुम्हाला मी शिकवलं होतं ना, मगरीचं तोंड म्हणून? मोठ्या आकड्याकडं आ वासून बसलेली? ती खरंच खाते की रे!" मग शिक्षकी स्वभावानं त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "मग तोंड मिटतं कधी?"

"उलटं चिन्ह आलं की. 'पेक्षा मोठा'. ते येईपर्यंत जे काही मध्ये असेल ते तिच्या पोटात. हे बघा, ही दोन्ही चिन्हं शेजारी शेजारीच..."

मी की-बोर्डवर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं.

आमच्या कॅफेतल्या प्रत्येक कळीवर मी मराठी अक्षराचा एक बारका स्टिकर चिकटवला होता. तेव्हाचं मराठी म्हणजे निव्वळ कपडे होते. आत सगळ्या इंग्रजी कळा आणि खुणा, वर मराठी अक्षराचं रूप चढवलेलं. माणसाला मराठी दिसायचं, ब्राउझर आतलं वाचायचा. 'पेक्षा लहान'च्या कळीवर माझ्याच हातानं चिकटवलेलं अक्षर होतं ढ. शेजारच्या 'पेक्षा मोठा'च्या कळीवर झ.

"काय रे? बरं वाटत नाही का?" सर विचारत होते.

मी त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसलो आणि ते पान उघडलं. त्याचा मूळ मजकूर उघडला. सात ओळींची इंग्रजी अक्षरांची खिचडी समोर आली. ती उचलून मी तिला मराठी रूप दिलं.

एकेचाळीस: पुरुष, वय अंदाजे साठ. दाढी वाढलेली.

'दा' दिसला होता. 'ढ'नं तोंड उघडलं होतं. मी झ शोधत खाली गेलो. बेचाळीसमध्ये नव्हता. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, शेहेचाळीस, कुठंच नव्हता. सत्तेचाळीस: पुरुष, बोलत नाही. भिंतीकडे तोंड करून झोपून असतो. त्या 'झो'मधला झ मगरीच्या तोंडात गेला होता आणि बाहेर उरला होता फक्त त्याचा काना नि मात्रा. तो येऊन 'दा'ला चिकटला होता.

मधली ओळ मी शेवटी वाचली. बघायचं टाळता येईल तेवढं टाळलं.

चव्वेचाळीस: पुरुष, वय अंदाजे चाळीस. नाव आमसिद्ध सांगतो. उजव्या कानाची पाळी तुटलेली. दर सोमवारी दारात उजव्या अंगावर कलून बसतो, उठवले तरी उठत नाही. 'आक्का विड्या टाकून येनार' म्हणतो.

बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. तिसरा.

मी संस्थेला फोन लावला. व्यवस्थापक ओळखीचे होते. चव्वेचाळीस नंबरचा आमसिद्ध कसा आहे, म्हणून विचारलं.

"तो गेला हो," ते म्हणाले. "परवा सोमवारी. आजारी नाही, काही नाही. नेहमीसारखा दारात बसला होता. पावणेबाराला आमच्या बाईंनी चहाला हाक मारली, तर उठेना."

माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली.

"काल अंत्यविधी केला. बेवारस म्हणून. काय करणार, तुमच्या वेबसाइटवर पाच महिने त्याचं नाव होतं, पण कोणी आलं नाही बघायला."

मी चिन्ह दुरुस्त केलं. एक मिनिट लागलं. सहाही माणसं पानावर आली.

त्याच संध्याकाळी विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात, तिचं घर शोधत गेलो. सांगायचं काय, हे वाटेत जुळवत होतो आणि काही जुळत नव्हतं. आधी बसायला सांगावं, पाणी मागावं, मग हळूच...

ती ओट्यावर बसली होती. मांडीवर विड्यांचं सूप नव्हतं. घरातली भांडी घासून पालथी घातलेली दिसत होती. मला बघून तिनं हात वर केला.

"लांबच थांब बाबा. सुतक हाय."

"कुणाचं?"

शेजारच्या दारातली बाई म्हणाली, "सोमवारपासनं धरलंय बगा. ना फोन, ना चिठ्ठी. इचारलं तर म्हनती, आमसिद्ध गेला."

मी रस्त्यावरच, तिच्या पायरीच्या खाली बसलो. खिशात त्या सात ओळींचा छापून घेतलेला कागद होता. त्यावरची ओळ मी तिला वाचून दाखवली. तिनं ती परत वाचायला लावली. तिसऱ्यांदा वाचताना तिनं मला मध्येच थांबवलं.

"येनार म्हनायचा?"

"हो. असंच लिहिलंय. येनार."

"किती दिस लिवल्यालं हुतं हे?"

"पाच महिने."

आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, हे मला कळलं.

"आक्का, ते पान मी बनवलंय. पहिल्यापासनं. ती चूक माझी. मी आळस केला, म्हणून तो दिसला नाही."

"ठाव हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"पयल्या दिवशी म्या त्या काठ्यांव बोट ठेवलं, तवा तू तिकडं बगितलंच न्हाईस. समद्या पानाकडं बगायचास. तेवढ्या जागंकडं कदी बगायचा न्हाईस. कायतरी लपवलंय पोरानं, तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत? मला शिव्या घालायच्या, ओरडायचं..."

"वरडली असती तर तू हाकललं असतंस." तिनं आपला तळहात उघडून बघितला. "मग म्या हात कुटं ठेवला असता?"

मला रडू आवरलं नाही. मी तिथं रस्त्यावर बसून रडलो आणि तिनं मला गप्पही केलं नाही, जवळही केलं नाही. तेवढा राग तिनं माझ्यावर धरला, आणि तो मला मिळायलाच हवा होता. दिवेलागणीला ती म्हणाली, "जा आता." मी उठून आलो.

पुढच्या सोमवारी मी पान उघडून बसलो नव्हतो. ती येणार नाही हे धरूनच चाललो होतो. साडेअकराला दारात चपला काढल्याचा आवाज झाला.

तिनं नेहमीची खुर्ची ओढली. पिशवीतून विड्या काढून की-बोर्डच्या पुढं मांडल्या. दोन, मग एका विडीएवढी मोकळी जागा, मग तीन.

"वाच," ती म्हणाली.

मी बेचाळीसपासून वाचलं. हातावर 'लक्ष्मण' गोंदलेली बाई. तेलुगू बोलणारा म्हातारा. चव्वेचाळीस मी सोडून दिला. पंचेचाळीस. शेहेचाळीस: स्त्री, वय अंदाजे सत्तर. नाव भागीरथी. गाव वैराग. मुलगा पोस्टात आहे म्हणते. सत्तेचाळीस.

"ह्यांची मानसं कुनी हुडकली?"

"आता पानावर दिसतात आक्का. कुणी बघितलं तर..."

"कोन बगनार? माज्यावानी किती जनी हितं येत्यात?"

तिनं तळहात काचेवर ठेवला आणि एकेका ओळीवरून सावकाश खाली आणला. मीही माझा हात उचलला, त्या मे महिन्यात मागं घेतला होता तोच, आणि तिच्या हाताशेजारी काचेवर टेकवला. सगळी काच सारखीच कोमट होती. मला कुठंच काही वेगळं लागलं नाही. खूप दाबून बघितलं, तरी नाही.

तिचा हात शेहेचाळीसपाशी थांबला. ती हात दाबून बघू लागली. मग पालथा करून बघू लागली.

"आक्का?"

तिनं टेबलावरची शेवटून दुसरी विडी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"हिचं आदी कर," ती म्हणाली. "गार व्हायला लागलंय."

मी चौकशीला फोन लावून वैरागच्या पोस्टाचा नंबर घेतला. तो फिरवताना एकदा चुकला, पुन्हा फिरवला. पलीकडं घंटा वाजायला लागली. कस्तुराक्कानं काचेवरचा हात काढला नव्हता.

"उचलतील," मी म्हणालो.

"लवकर म्हनावं," ती म्हणाली.